‘बायकोला विचारून लिहिलंय का?’ : घरच्या वाढदिवसावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

लहान मुलांचा वाढदिवस हॉलमध्ये न करता घरीच करावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत आटोपावं अशी ती नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं : घरी वाढदिवस म्हणजे घरातल्या बाईच्या डोक्यावर सगळा पसारा, तेव्हा ‘घरी करा’ असं पुरुषाने लिहिणं सोपं आहे, बायकोला विचारून लिहिलंय का? दुसरं, वन बीएचकेत वीस मुलं मावत नाहीत. तिसरं, वर्गातल्या सगळ्यांचे वाढदिवस जादूगार, टॅटूवाला, फोटोचा कोपरा अशा थाटात होतात, मग आपल्याच मुलाला कमीपणा का आणायचा? आणि शेवटचं, फुगे आणि स्प्रे यांचा मी उगाच बाऊ केलाय.

पहिला मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. घरात समारंभ असला की कंबर मोडते ती बाईचीच, हे मी लहानपणापासून पाहत आलोय. म्हणूनच आमच्याकडे मुलीच्या वाढदिवसाला स्वयंपाक होत नाही. इडल्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून येतात, केक जवळच्याच एक बाई घरी करून देतात. घरात फक्त शिरा होतो, तोही आजीला नातीसाठी हौसेने करायचा असतो म्हणून. मुलांच्या आईवडिलांना फोन, सामान आणणं, फर्निचर हलवणं, मागाहून केर काढणं आणि ताटल्या घासणं हे माझ्याकडे. बायको त्या दिवशी मुलीबरोबर असते. सकाळी औक्षण, मग फ्रॉक, वेण्या, मैत्रिणींची वाट बघणं. तिला विचारलं होतं का, याचं उत्तर असं आहे की ही विभागणी तिने आणि मी बसून ठरवलेली आहे.

पण खरी गोम वेगळीच आहे. घरच्या वाढदिवसाचं काम वाढतं ते मुलांमुळे नाही, मोठ्यांमुळे. आत्या, मामा, शेजारी, ऑफिसातले चार जण, मग त्यांच्यासाठी पुलाव, पुरीभाजी, काहीतरी तळलेलं, वर आइस्क्रीम. पाच वर्षांचं मूल अशा दिवशी खातं काय? एखाददोन छोट्या इडल्या, काकडीची चकती आणि केकवरचं क्रीम. तेवढ्यासाठी कुणालाही कढईपुढे उभं राहायची गरज नाही. आम्ही दोन्ही गोष्टी वेगळ्याच ठेवतो. मुलांची पार्टी रविवारी सकाळी. नातेवाइकांना दुसऱ्या कुठल्यातरी संध्याकाळी चहाला बोलावतो, सोबत विकतचे वेफर्स आणि पेढे. कुणी रागावत नाही. आजोबांना तर उलट नातीशी निवांत बोलायला मिळतं.

आणि जिथे सासूबाईंना, सासऱ्यांना किंवा नवऱ्याला वीस माणसांचं जेवण सुनेच्याच हातचं हवं असतं, तिथे माझा लेख बाजूला ठेवा आणि खुशाल हॉल घ्या. हे मी अगदी मनापासून म्हणतोय. आई दमून चिडलेली असेल तर घरच्या वाढदिवसात मुलाच्या वाट्याला काहीच येत नाही.

जागेचं उत्तर छोटं आहे. वीस मुलं बोलावूच नका. जितवा वाढदिवस, तितकी मुलं, फार तर एखाददुसरं जास्त. मुलाला विचारलं तर तेही पाचसहाच नावं सांगतं. टीपॉय आणि खुर्च्या आतल्या खोलीत, मध्ये सतरंजी, गॅलरीच्या दाराला कडी आणि स्वयंपाकघरात मुलांना मज्जाव. वन बीएचकेच्या हॉलमध्ये सहा मुलं आरामात मावतात. वेळ साडेदहा ते साडेबारा. दुपारी या वयाची बरीच मुलं झोपतात आणि संध्याकाळी ती किरकिरी होतात, म्हणून सकाळच. दोन तासांपलीकडे ताणू नये.

आता कमीपणाबद्दल. तुमच्या प्रतिक्रियेतला हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला, कारण ही काळजी मलाही आहे. पण हॉलमधल्या वाढदिवसात त्या मुलाचं काय होतं ते एकदा नीट बघा. अलीकडेच एका वाढदिवसाला गेलो होतो. पाहुणे यायचे होते म्हणून केक साडेनऊला कापला. उत्सवमूर्ती तीन वर्षांचा. तो आजीच्या खांद्यावर झोपलेला. त्याला उठवून, कोटाची बटणं लावून टेबलापाशी उभं केलं, हातात सुरी दिली आणि स्पीकरवर गाणं सुरू झालं. त्याने दोन्ही कान झाकायला हात वर नेले, तर फोटोवाला म्हणाला, ‘हात खाली घ्या त्याचे.’ आईवडिलांनी हौसेने, कर्ज काढल्यासारखा खर्च केला होता, त्यांच्या मायेबद्दल मला जराही शंका नाही. पण ती संध्याकाळ त्या मुलाच्या मापाची नव्हती.

मुलाच्या मापाचं म्हणजे काय, त्याचं उदाहरण देतो. पार्सलचा खेळ. मध्ये खाऊचा पुडा ठेवायचा आणि त्याभोवती जुन्या वर्तमानपत्राचे थर गुंडाळायचे, मुलांच्या संख्येपेक्षा दोनतीन जास्त. दर थरात एक चिठ्ठी. मुलं गोल करून बसतात, गाणं लागलं की पुडकं हातोहात फिरवतात, आणि गाणं थांबेल तेव्हा ज्याच्या हातात ते असेल त्याने एक थर सोडायचा. या वयात वाचता येत नाही, म्हणून चिठ्ठीवर चित्र काढायचं : बेडूक निघाला तर बेडूकउड्या, मांजर निघालं तर म्याऊ. चिकटपट्टी अगदी नावापुरती लावायची, नाहीतर त्या इवल्या बोटांनी कागद सुटत नाही. गाणं थांबवणारे आपण असतो, तेव्हा पुडकं प्रत्येकाकडे थांबेल आणि एकही मूल रिकाम्या हाताने राहणार नाही असंच थांबवायचं. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा कुणाकडे गेला की आईच्या ओढणीचा पदर सोडत नाही. त्याला बेडूक आला. तो क्षणभर चिठ्ठीकडे बघत राहिला, मग एक उडी मारली, मग दुसरी, आणि खोलीला पूर्ण फेरी घातली. बाकीची सगळी त्याच्यामागे उड्या मारत निघाली. पुडकं सतरंजीवर तसंच पडलेलं! खाऊ नंतर आम्ही वाटून टाकला.

संगीत खुर्ची मात्र या वयात नको. पहिल्याच फेरीत बाद झालेलं मूल कोपऱ्यात जाऊन रडायला लागतं आणि पुढचा खेळ फिसकटतो. त्याऐवजी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरा, ती ‘बेटं’. गाणं थांबलं की बेटावर उभं राहायचं. दर वेळी एक कागद काढायचा, पण मूल बाद करायचं नाही. शेवटी एकाच कागदावर सगळ्यांनी एकमेकांना धरून उभं राहायचं. हसून हसून मुलं खाली पडतात.

तर कमीपणा. पाचव्या वर्षी मूल ‘त्यांची पार्टी मोठी होती’ असा हिशोब क्वचितच करतं, त्याला एखादी ठरावीक गोष्ट हवी असते. ती विचारून घ्या आणि तेवढी मन लावून करा. माझ्या मुलीला जादूगार नको होता. तिला सगळ्या मैत्रिणींबरोबर मोठ्या पलंगावर उड्या मारायच्या होत्या, एरवी आम्ही मारू देत नाही म्हणून. त्या दिवशी परवानगी होती, गाद्या खाली जमिनीवर घालून. तुमच्या मुलाला जादूगारच हवा असेल, तर एखाद्या काकाला रुमाल आणि नाण्याच्या दोनतीन करामती शिकायला सांगा. आठनऊ वर्षांपासून पुढे गोष्ट बदलते, तेव्हा मुलांना मित्रांमधलं स्थान कळू लागतं. माझा लेख तीन ते सहा वर्षांच्या मुलांपुरताच आहे.

फुगे आणि स्प्रे या बाबतीत मात्र मी तसूभरही मागे हटणार नाही. स्नो स्प्रेच्या डब्यात दाबाने भरलेला वायू बहुतेक वेळा पेट घेणारा असतो. पेटत्या मेणबत्तीसमोर तो मुलाच्या तोंडावर मारायचा म्हणजे आगीशी खेळ आहे. छताला चिकटणाऱ्या फुग्यांत हेलियम महाग पडतो म्हणून कित्येकदा हायड्रोजन भरतात, आणि हायड्रोजनला एक ठिणगी पुरते. साध्या रबरी फुग्याचा धोका तो फुटल्यावर सुरू होतो. फुटलेला तुकडा मुलं तोंडात घालतात, तो घशात चिकटून बसला की खोकूनही सुटत नाही. अमेरिकेत अशा फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालच्या मुलांसाठी गुदमरण्याचा इशारा छापणं कायद्याने सक्तीचं आहे. फुगे लावा, पण मोठ्यांनी फुगवून, उंचावर, आणि फुटला की तुकडे लगेच वेचा. खाण्यातही तेच. अख्खी द्राक्षं, शेंगदाणे आणि पॉपकॉर्न पाचच्या आतल्या मुलांना नकोत. द्राक्षं द्यायचीच तर उभी चिरून द्या. आणि कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे का, हे फोन करतानाच विचारून ठेवा.

तुम्ही थर्माकोलच्या ताटल्या सुचवल्यात. त्या महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहेत, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ, सजावटीचा थर्माकोल, अगदी फुग्यांच्या प्लास्टिक काड्यांवरही बंदी आहे. सहा मुलांना घरातल्या स्टीलच्या ताटल्या पुरतात. घासायला दहा मिनिटं लागतात, आणि ते काम मुलाच्या बाबांना सांगा.

तुमच्या मुलाचा वाढदिवस मेमध्ये येतो असं तुम्ही शेवटी लिहिलंय. त्यात एक अडचण दिसते. त्या महिन्यात निम्मी मुलं गावाला असतात, आणि बंद घरात उकाडाही खूप होतो. वाढदिवसाच्या दिवशी सकाळी औक्षण करा, त्याच्या आवडीचं काहीतरी गोड करा किंवा आणा आणि तिथेच थांबा. मित्रांना शाळा सुरू झाल्यावर, जूनच्या अखेरच्या रविवारी बोलवा. तोवर पावसाने हवा थंड झालेली असते, सगळे परत आलेले असतात, आणि कुणाला बोलवायचं याची नावं तुमचा मुलगा स्वतःच सांगेल. पार्सलसाठी चित्रं काढायला बसाल तेव्हा त्यालाही सोबत घ्या, फक्त पुड्यात खाऊ कोणता आहे ते सांगू नका.