‘शहरात बसून’ म्हणणाऱ्यांना उत्तर

तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली, दुपारी पुन्हा वाचली. नाशिक महापालिका, देवळाली कॅन्टोन्मेंट, भगूर, त्र्यंबक आणि भोवतालच्या ग्रामपंचायतींनी नवी बांधकामं, पाणी, सांडपाणी याचा विचार एकत्र बसून करावा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, “शहरात बसून गावांना शहाणपण शिकवणं सोपं असतं. एकत्र बसायचं म्हणजे शेवटी हद्दवाढच. एनएमआरडीए आहे की, आणखी एक समिती कशाला? आणि खर्च कोण करणार?” (एनएमआरडीए म्हणजे नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, शहराभोवतालच्या भागाच्या नियोजनाचं सरकारी प्राधिकरण.)

आधी माझी चूक. भगूरला मी ग्रामपंचायत म्हटलं होतं, तिथे नगरपरिषद आहे. दुरुस्ती केली आहे, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

आता ‘शहरात बसून’. मी कुठे बसून लिहितो हे तुम्हाला कुणी सांगितलं? माझा जन्म मखमलाबादचा. १९८२च्या नोव्हेंबरात नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर या तीन नगरपालिका आणि आजूबाजूची गावं मिळून महापालिका झाली, तेव्हा मी चौथीत होतो. वडील ग्रामपंचायतीचे सदस्य. त्या संध्याकाळी ओट्यावर माणसं जमली होती आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, “आता दाखल्याला कुठं जायचं?” वडिलांकडे उत्तर नव्हतं. ते गप्प बसलेले मला अजून दिसतात. हद्दवाढ म्हणजे काय, हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

आणि गेली अकरा वर्षं मी राहतो ते गाव महापालिका हद्दीच्या बाहेर आहे. घरामागे विहीर आहे. वरच्या अंगाला, हद्दीच्या आत, सोसायट्या उभ्या राहिल्या आणि आमच्या कोरड्या नाल्याला बारमाही पाणी आलं. पहिल्या वर्षी बरं वाटलं. दुसऱ्या उन्हाळ्यात विहिरीतून बादली ओढली तर वर साबणाचा फेस. आईने ते पाणी तुळशीला घालायचंही बंद केलं. दोन कार्यालयांत अर्ज दिले. एकाने सांगितलं, नाला आमचा, विहीर आमच्याकडे येत नाही. दुसऱ्याने सांगितलं, विहीर आमची, नाला वरून येतो. दोन्ही अर्जांची पोच माझ्याकडे आहे. हे शहाणपण मी शहरात बसून मिळवलेलं नाही.

तुमच्या त्या एका वाक्याने मला वाईट वाटलं, म्हणून इतकं लिहिलं. मुद्द्याचा विरोध करा, माणसाला परका ठरवू नका.

हद्दवाढीचं म्हणाल तर नाशिक महापालिकेच्या सिटीलिंक सेवेची बस त्र्यंबकला जाते, सिन्नरला जाते. त्यासाठी सिन्नर नाशिकमध्ये विलीन करावं लागलं नाही. बसचं जमतं, मग सांडपाण्याचं का जमू नये? वालदेवी नदी विहितगावाजवळून येते, चेहेडीपाशी दारणेला मिळते, दारणा पुढे गोदावरीला. खाली निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्य आहे, २०२० साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेलं राज्यातलं पहिलं ठिकाण. शहराने नदीत जे सोडलं ते तिथपर्यंत जातं. मग शहरात एखादा मोठा गृहप्रकल्प मंजूर होताना खालच्या गावांचं म्हणणं कोण ऐकतं?

एनएमआरडीए आहे, मान्य. पण तिथे सरपंच अर्ज घेऊन जातो. मी ज्या बैठकीबद्दल लिहितो तिथे सरपंचाला खुर्ची आहे. ही कल्पना माझ्या डोक्यातून निघालेली नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने आलेला २४३-झेडई हा अनुच्छेद वाचा. दहा लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रासाठी नियोजन समिती असावी आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातूनच निवडावेत, असं त्यात आहे. २०११च्या जनगणनेत एकट्या नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. आणि सिंहस्थाची कामं तर नाशिक आणि त्र्यंबक दोन्हीकडे चालतात.

खर्चाचा प्रश्न वेगळा आहे, त्यात मी आत्ता शिरत नाही.

विहीर बघायची असेल तर रविवारी घरी असतो, चहा घेऊन जा. पुढच्या वेळी मात्र नावानिशी लिहा, आणि मी कुठे राहतो ते आधी विचारा.