‘जुनी गाडी आहे, खर्च निघणारच’

आज संध्याकाळी शेजारच्या काकू चार पानांचे इस्टिमेट हातात घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी एवढेच विचारले, “अरे, एवढे लागतात का रे खरंच?” शेवटच्या पानावरचा आकडा होता ४७,८५० रुपये. गाडी २०१४ सालची वॅगनआर. काकांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना रिक्षात चढता-उतरता येईना, म्हणून गेल्या वर्षी दोन लाख दहा हजारांना घेतलेली. गाडीची तक्रार एकच होती. मुलीकडे सासवडला जाताना दिवे घाटात इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या प्रमाणात पुढे जात नाही. एवढ्या एका तक्रारीची सत्तेचाळीस हजारांची यादी कशी झाली, असे काकूंनी वर्कशॉपमधल्या सल्लागाराला विचारले, तेव्हा त्याने मान वर न करता उत्तर दिले, “मॅडम, जुनी गाडी आहे, खर्च निघणारच.”

हे वाक्य मी यापूर्वीही ऐकले आहे, आणि म्हणूनच रात्रीचे अकरा वाजले तरी मी हे लिहीत बसलो आहे.

२०१८ साली माझ्याकडे २०११ची वॅगनआर होती, तीही दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. सर्व्हिसिंगला दिल्यावर दुपारी ऑफिसात फोन आला की टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा, आणि तो ताणून धरणारा टेन्शनर बदलावा लागेल, ६,४०० रुपये होतील, आणि बेल्ट तुटला तर इंजिनच बसेल. मी घाबरून हो म्हटले. संध्याकाळी बिल भरले आणि गाडी घेऊन घरी आलो. चार महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी नाना पेठेतल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो असताना मी सहज म्हणालो की टायमिंग बेल्ट नवीनच आहे. त्यांनी बॉनेट उघडले, बॅटरी मारून इंजिनाची बाजू दाखवली आणि शांतपणे सांगितले, “साहेब, या इंजिनाला बेल्ट नसतोच, आत चेन असते. हा बाहेर दिसतोय तो अल्टरनेटरचा पट्टा.” माझ्या गाडीत अस्तित्वातच नसलेल्या वस्तूचे पैसे मी भरले होते आणि त्याचे छापील बिलही माझ्याकडे होते.

कोणी म्हणेल की २०१० पूर्वीच्या वॅगनआरच्या इंजिनात बेल्ट होता, तेव्हा जुन्या यादीवरून चूक झाली असेल. इस्टिमेट लिहिताना झालीही असेल. पण मग बिल करताना कोणता बेल्ट बसवला होता?

काकूंचे इस्टिमेट मी ओळ न् ओळ वाचले. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे काम खरे आहे, कारण त्यांनी सांगितलेले लक्षण क्लच घसरण्याचेच आहे. त्यासोबत गिअर ऑइलची ओळ आहे, तीही रास्त आहे. गिअरबॉक्स खाली उतरवायचा तर तेल काढावेच लागते. क्लचची मजुरी ४,८०० रुपये लावली आहे. ती मला जास्त वाटते. पण गिअरबॉक्स उतरवून पुन्हा चढवणे हे दोन माणसांचे अर्ध्या दिवसाचे कष्ट आहेत, हे मी मान्य करतो. खरे दुखणे त्याच्या पुढे सुरू होते. ड्राइव्ह शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्यांचे, रबरी बूट बदलण्याची पूर्ण मजुरी वेगळी लावली आहे. या गाडीचा गिअरबॉक्स उतरवताना शाफ्ट मुळातच बाहेर काढावे लागतात, म्हणजे एकाच खोलाखोलीचे पैसे दोनदा. पुढचे दोन्ही शॉकअ‍ॅब्सॉर्बर आहेत, दोन्ही लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या पट्ट्या, आहेत, इंजिन फ्लश आहे, थ्रॉटल बॉडीची सफाई आहे, एसीचे निर्जंतुकीकरण आहे आणि सर्वांत खाली ‘इतर’ या नावाने अडीच हजार रुपये आहेत. ‘इतर’ म्हणजे काय, हे काकूंनी विचारले नाही आणि त्यांना कोणी सांगितलेही नाही.

क्लच सेटच्या दराची मला शंका आली म्हणून मी नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात फोन केला. त्याच कंपनीच्या सेटच्या खोक्यावर छापलेली किंमत ५,१४० रुपये आहे. इस्टिमेटमध्ये मूळ दर म्हणून ५,१४०च लिहिले आहेत आणि त्यावर पुन्हा १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी सव्वानऊशे रुपये. कमाल किरकोळ किमतीत सर्व कर धरलेलेच असतात. पाकीटबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे खोक्यावर तसे छापलेलेही असते. मजुरीवर जीएसटी जरूर लावावा, पण छापील किमतीच्या डोक्यावर पुन्हा कर चढवणे ही उघड लूट आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून सगळ्या सुट्या भागांवरचा कर १८ टक्क्यांवर आला, पूर्वी बहुतेकांवर तो २८ टक्के होता. हा दिलासा काकूंसारख्या माणसांपर्यंत पोहोचायच्या आतच कोणीतरी मध्ये हात घालून बसले आहे.

मला राग आकड्याचा नाही. साठ हजारांचेही इस्टिमेट रास्त असू शकते आणि सहा हजारांचेही लबाडीचे असू शकते. फक्त क्लच प्लेट बदलून देतो, बाकी जुनेच राहू द्या, असे सांगणारा स्वस्त माणूसही माझ्या दृष्टीने प्रामाणिक नाही. दोन महिन्यांनी जुने बेअरिंग ओरडू लागले की तीच मजुरी पुन्हा भरावी लागते. शॉकअ‍ॅब्सॉर्बर जोडीनेच बदलावेत आणि त्यानंतर व्हील अलाइनमेंट करावे, हेही खरे. माझा प्रश्न एवढाच आहे की जो भाग गेला म्हणता, तो मला गाडीवर दाखवता का? शॉकअ‍ॅब्सॉर्बर गळत असेल तर त्याच्या अंगावर तेलाचा ओघळ दिसतो. लोअर आर्मचा जॉइंट सैल असेल तर चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवले की हाताला खडखड लागते, आणि केवळ बुश, म्हणजे आर्मच्या सांध्यातले रबर, फाटले असतील तर बऱ्याच गाड्यांत ते वेगळे मिळतात व प्रेसवर बसवता येतात, अख्खा आर्म लागतोच असे नाही. हे दाखवायला पाच मिनिटे लागतात. त्या पाच मिनिटांऐवजी काकूंना वातानुकूलित खोलीत बसवून चहा दिला गेला.

लिहिता लिहिता मला ते मिस्त्री पुन्हा आठवले. त्या दिवशी त्यांनी बॉनेट उघडण्याचे पैसे घेतले नाहीत. काम सांगताना ते आधी गाडीखाली जात, मग मला वाकायला लावून बोट ठेवून दाखवत, आणि त्यानंतरच कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आकडे मांडत. त्यांचा दर दरवेळी सर्वांत कमी असे, असे नाही. एकदा रेडिएटरच्या कामाचे त्यांनी शेजारच्या गॅरेजपेक्षा आठशे रुपये जास्त सांगितले आणि ते मी आनंदाने दिले. मोठ्या वर्कशॉपला जागेचे भाडे असते, पगार असतात, यंत्रसामग्री असते, तेव्हा त्यांचा दर मिस्त्रींच्या दरापेक्षा चढा असणार, हे मला कळते. पण भाडे कितीही असले तरी नसलेला बेल्ट बसवता येत नाही.

आणि ‘जुनी गाडी’ हा काय गुन्हा आहे का? आपल्यापैकी किती जणांनी पहिली गाडी शोरूममधून घेतली? कोणी आईवडिलांना गावी नेता यावे म्हणून घेतली, कोणी बाळ झाले म्हणून घेतली, आणि पीएफमधून उचललेल्या पैशांत जी बसली ती घेतली. दहा वर्षांच्या वॅगनआरचा क्लच तीन वर्षांच्या वॅगनआरच्या क्लचपेक्षा महाग नसतो. जुन्या गाडीत कामे जास्त निघतात हे मान्य, पण ती गाडीत सापडावी लागतात, मालकाच्या चेहऱ्यावर नव्हे. काकू शाळेत बत्तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झाल्या आहेत. त्यांना बेरीज कळत नाही म्हणून त्या माझ्याकडे आल्या नव्हत्या. समोरच्याने त्यांना प्रश्न विचारायची जागाच ठेवली नाही म्हणून आल्या होत्या.

उद्या सकाळी दहा वाजता मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. क्लचचे काम करून घेऊ, गिअर ऑइल घेऊ, शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि लोअर आर्म लिफ्टवर पाहून ठरवू, बाकीच्या ओळींवर काट मारू आणि छापील किमतीवरचा कर काढायला लावू. ते ऐकणार नसतील तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक त्यांच्यासमोरच फिरवू. काढलेली क्लच प्लेट परत हवी, असे जॉबकार्डवर लिहून घ्यायचे काकूंनी आत्ताच ठरवले आहे आणि त्यासाठी एक कापडी पिशवी दाराला अडकवूनही ठेवली आहे.