बुजरा टायगर आणि रविवार

शेल्टरमधल्या सगळ्यात भित्र्या कुत्र्याचं नाव टायगर असतं. जो खरोखर दांडगा असतो, त्याला बिस्कीट म्हणतात. या टायगरला एक दिवस बाहेर काढायचं पुण्य पदरात पाडून घ्यायचं असेल, तर माझी एकच अट आहे: दिवस कंटाळवाणा गेला पाहिजे. डेक्कनवरचा कॅफे, भाच्याचा वाढदिवस, रविवार सकाळची वेताळ टेकडी, यातलं काहीही मनात असेल तर बिस्कीटला न्या. तो केकही कापून देईल.

सुरुवात पट्ट्यापासून. आपल्या देशी कुत्र्याची मान आणि डोकं जवळजवळ एकाच मापाचं. नुसता गळपट्टा घातला आणि टायगर मागे सरकला, की हातात पट्टा आणि समोर सिंहगड रोड. म्हणून हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणारा पट्ट्यांचा साज हवा, आणि तोही बरगड्यांच्या मागे तिसरा पट्टा असलेला. दोन पट्ट्यांच्या हार्नेसमधून घाबरलेलं कुत्रं उलट्या पावली, स्वेटर काढावा तसं निघतं. जोडीला मार्टिंगेल, म्हणजे ओढ बसली की बेताने आवळणारा गळपट्टा. हार्नेसला एक लीश, म्हणजे धरायची दोरी, गळपट्ट्याला दुसरी. एक हातात, एक कमरेला बांधलेली. लीश साधी, दीड-दोन मीटरची. बटण दाबल्यावर गुंडाळली जाणारी नकोच. तिची प्लॅस्टिकची मूठ हातातून सुटली की खडखडत कुत्र्यामागे धावते, आणि कुत्र्याला वाटतं आपल्याला धरायला कुणी आलं. मग तो आणखी जोरात पळतो, मूठही आणखी जोरात.

गाडीचं दार उघडण्याआधी दोन्ही लीश हातात असाव्यात. आधी दार आणि मग लीश शोधणाऱ्या माणसाला मी शेजारच्याचं मांजरसुद्धा देणार नाही. रिक्षा टाळावी, दोन्ही बाजूंनी उघडी. निघण्याआधी तीनेक तास खायला द्यायचं नाही, पाणी चालेल. तोंडाला लाळेच्या तारा लागल्या आणि जीभ सारखी ओठांवरून फिरायला लागली, की उलटी वाटेत आहे असं समजा. सीटवर जुनी चादर अंथरलेली असतेच. उलटी मात्र सीट आणि दाराच्या मधल्या फटीत होते.

खाऊ म्हणून बोनलेस चिकन, नुसत्या पाण्यात उकडलेलं. मीठ नको, कांदा-लसूण अजिबात नको. ते कुत्र्यांना बाधतात. दोनशे ग्रॅम पुरे, तुकडे वाटाण्याएवढे. या चिकनचा खरा उपयोग भीती मोजायला होतो. शेल्टरमध्ये ताटली चाटून पुसणारा टायगर नाकासमोरच्या चिकनकडे ढुंकूनही बघत नसेल, तर तो पार हबकलाय. वीस पावलं मागे या, पुन्हा विचारा. खाल्लं, तर आजची हद्द इथपर्यंत.

पुढचं संकट दोन पायांवर येतं. ‘चावतो का?’ विचारणारे काका निरुपद्रवी असतात, ते लांबूनच विचारतात. ‘जात कोणती?’ला ‘देशी’ म्हटलं की संभाषण आपोआप संपतं. खरी भीती ‘मला कुत्री काही करत नाहीत’ म्हणणाऱ्यांची. ही मंडळी थेट समोरून येतात, वाकतात आणि डोक्यावर हात ठेवतात. कुत्र्याच्या भाषेत यातली एकेक गोष्ट धमकी आहे. बाजूला तोंड करून उकिडवं बसा, हात खाली ठेवा, तो हुंगेल तेव्हा हुंगेल, एवढं सांगायचं. त्यांना राग येतो. येऊ द्यावा.

गल्लीतून चालत नेऊ नका, तिथल्या कुत्र्यांची चौकडी पाहुण्याचं स्वागत ठरवून करते. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसलं नाही तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.

घरी पोचल्यावर टायगर पलंगाखाली जातो. जाऊ द्या. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय चहूकडे पसरतात, म्हणून दारापासून पलंगापर्यंत चटई टाकून ठेवावी. कुकर त्या दिवशी लावू नये. पहिल्या शिट्टीला तो आणखी आत सरकतो, तिसऱ्या शिट्टीनंतर त्याला काढायला पलंग उचलावा लागतो. जमिनीवर पाठमोरं बसून पेपर वाचावा, पानंही हळू उलटावीत. तो जांभया देतोय म्हणजे झोप आलीय असं नाही, तो ताण आहे. डोळ्यांचे पांढरे कोपरे दिसणं हीसुद्धा तीच तक्रार. उठून नाकापासून शेपटापर्यंत अंग झटकलं, की थोडं ओझं उतरलं समजा.

आता शू. सिमेंटच्या फरशीवर वाढलेल्या कुत्र्याला गवत म्हणजे काय हेच कळत नाही, आणि घाबरलेलं कुत्रं दहा-बारा तास सहज धरून ठेवतं. त्याच त्या कोपऱ्यात, त्याच्याकडे न बघता, रेंगाळत राहायचं. 2019 साली अमेरिकेतल्या पाच शेल्टरमधल्या कुत्र्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक-दोन रात्री कुणाच्या घरी काढल्या की त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, उतरतं आणि शेल्टरात परतल्यावर पुन्हा पूर्वीइतकं होतं, असं त्यात दिसलं. ही मोजणी लघवीतून केली होती. निष्कर्षापेक्षा मला त्या नमुने गोळा करणाऱ्यांचं कौतुक वाटतं.

फोटो मात्र काढायचाच, दत्तक जाण्यासाठी घरातला एक बरा फोटो फार कामाला येतो. फोन थेट तोंडावर रोखू नका, जमिनीलगत बाजूने धरा.

संध्याकाळी शेल्टरचं गेट दिसताच दिवसभर पोटाखाली दडलेली शेपटी वर येते आणि टायगर आयुष्यात पहिल्यांदा लीश ओढतो, आत जायला. मनाला लावून घेऊ नका. तिथले वास ओळखीचे आहेत. हार्नेस पिंजऱ्याचं दार लागल्यावरच काढा. मग वहीत नोंद करा, पुढच्या माणसाला तीच उपयोगी पडते. ‘खूप गोड आहे’ असं लिहू नका. लिहा: चिकन अंगणात खाल्लं, रस्त्यावर नाही. स्कूटरला घाबरतो, सायकलला नाही. शू एकदा. शी गाडीत.