समजूतक्रम

माझा नीट पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या प्रवेश परीक्षेचा रँक झेरॉक्सच्या दुकानात मोठ्यांदा पुकारला गेला, त्याला आज तीन दिवस झाले. त्या गल्लीतून जाताना मी अजून तोंडाला स्कार्फ बांधते. मिरजेचं ऊन असं की कुणाला संशय येत नाही.

"चोवीस हजार सहाशे अठराऽऽ!"

झेरॉक्सवाल्या मामांना माझा अपमान करायचा नव्हता, हे मलाही कळतं. प्रिंटर आतल्या खोलीत, पुतण्या आत, आणि फाइलच्या नावात रँक घालण्याचा शहाणपणा माझाच. पण काउंटरपाशी सात माणसं उभी होती. सातही जणांनी वळून पाहिलं.

काम दोन मिनिटांचं होतं. नीट पीजीच्या कौन्सेलिंगसाठी, म्हणजे जागावाटपासाठी, कॉलेज आणि ब्रांच मिळून ११२ पर्याय मी लावले होते. रात्री ११.५५ ला यादी लॉक होणार होती आणि बाबांना ती मोबाइलवर नाही, कागदावर बघायची होती. याला सरकारी भाषेत पसंतीक्रम म्हणतात. पहिले दहा पर्याय खरंच पसंतीचे असतात. मिळणार नाहीत हे ठाऊक असूनही भरायचे. तिथून पुढे सगळा समजूतक्रम.

मामांनी पहिलं पान उचललं आणि कपाळावरचा चष्मा खाली ओढला. सगळ्यात वर रेडिओलॉजी होतं, म्हणजे एक्स-रे-सोनोग्राफीची ब्रांच.

"रेडिओ टाकलाय व्हय वर?"

"टाकायचा म्हणून टाकलाय."

"एवढ्या रँकला येत न्हाई ओ मॅडम."

"माहितीय, मामा."

"आणि आला तरी घिऊ नका. फॉर्म एफ भरून भरून जीव जातोय."

मी गप्प. हा माणूस गर्भलिंगनिदान बंदीच्या १९९४ च्या कायद्यातला फॉर्म बोलत होता. गरोदर बाईची सोनोग्राफी केली की भरायचा आणि जपून ठेवायचा. एखादा रकाना कोरा राहिला तर डॉक्टर कोर्टात आणि मशीन सीलबंद. आमच्या परीक्षेत हा प्रश्न चार मार्कांचा असतो. मामांना तो तोंडपाठ, कारण गावातल्या निम्म्या सोनोग्राफी सेंटरांचे कोरे फॉर्म त्यांच्याकडे छापले जातात.

तिथून मामांचा सिद्धांत सुरू झाला. वीस वर्षं वैद्यकीय कागद छापून त्यांनी तो स्वतः बसवलाय: ज्या ब्रांचचे कागद जास्त, तिथला डॉक्टर दुःखी.

"पीएसएम, म्हंजे ते सार्वजनिक आरोग्याचं, घेतलासा तर सर्व्हेचं फॉर्म हजारात. हजारात! फॉरेन्सिकवाल्यांचं कोर्टाचं समन्स, त्याच्या चार-चार कॉप्या. एक सर येत्यात, बिचारं समन्स बघून माझ्याकडंच बसून चहा घेत्यात. गायनॅकवाल्या मॅडम तर स्वतः येतच न्हाईत, झोपत्यात कधी कुणास ठाऊक. स्किनवालं तेवढं कलर प्रिंट मागत्यात. चकाचक. हसत येत्यात, हसत जात्यात."

"मग स्किनच टाका की," सातबाऱ्याची कॉपी काढायला आलेले एक गृहस्थ म्हणाले.

"येत न्हाई ओ त्येबी!" मामांनी माझ्या वतीने परस्पर सांगून टाकलं.

आधार कार्डाच्या दोन प्रती घेऊन निघालेल्या एक मावशी दारातून परत फिरल्या. "पोरीच्या जातीला गायनॅकच बरं बाई. न्हाईतर डोळ्यांचं. रात्रीचं जावं लागत न्हाई." आणि त्याच दमात, "माझा हा गुडघा बघतीस का गं जरा? जिना उतरताना कट् वाजतोय." मी वाकून बघितला. गुडघा खरंच कट् वाजला. वजन कमी करा म्हटल्यावर मावशींनी माझ्यावरचा विश्वास तिथल्या तिथे काढून घेतला.

पाच वर्षं माझ्या शेजारी मुलगे शिकले. त्यातल्या एकालाही "घर सांभाळून होईल अशी ब्रांच घे" असं कुणी सांगितलेलं मी ऐकलं नाही. त्यांना विचारतात, पैसा कशात आहे. दोन्ही प्रश्न वाईटच, पण त्यांचा निदान त्यांच्याबद्दल असतो.

असो. मामा आता सतारीवर आले होते. मिरजेत कुठलंही बोलणं दहा मिनिटं चाललं की एकतर दवाखान्यावर येतं नाहीतर सतारीवर. "मेव्हणा माझा सतारीच्या कारखान्यात हाय. भोपळा घेताना काय करत्यात? टिचकी मारून आवाज बघत्यात. तशी ब्रांच बघायची."

हे ऐकून मला चिडायचं विसरायला झालं. आम्ही पेशंटच्या छातीवर बोटं ठेवून ठोकतो ना, ती युक्ती आउएनब्रुगर नावाच्या डॉक्टरची. खाणावळवाल्याचा मुलगा. दारूचं पिंप कुठपर्यंत भरलंय हे बाहेरून ठोकून ओळखायची रीत त्याने माणसाच्या छातीला लावली, असं सांगतात. १७६१ साली त्यावर पुस्तक लिहिलं आणि बहुतेक डॉक्टरांनी ते बाजूला सारलं. १८०८ मध्ये कोर्व्हिसार नावाच्या डॉक्टरने फ्रेंचमध्ये भाषांतर केल्यावर जग जागं झालं, आणि पुढच्याच वर्षी आउएनब्रुगर गेला. निकाल हातात पडायला ४७ वर्षं. हा आमच्याच बॅचचा असणार. आमची २०२४ ची परीक्षा २३ जूनला होती. ती पुढे ढकलल्याचं २२ जूनच्या रात्री दहाच्या सुमाराला कळलं. मी तेव्हा परगावच्या लॉजवर उद्याचे कपडे इस्त्री करत होते. परीक्षा झाली ११ ऑगस्टला. मधल्या दिवसांत जे विसरले, त्याचाच हा रँक असावा असा माझा दावा आहे, आणि तो मामांपुढे मांडायची माझी हिंमत नव्हती.

"हे बरं दिसतंय," मामांचं बोट अकराव्या पर्यायावर थांबलं. "भूल. ह्याला कागद कमी. संमतीचं एक पान, सही, संपला विषय."

"भूल द्यायला डॉक्टर लागतोय व्हय?" सातबारा.

हा प्रश्न मी घरीही ऐकलाय. ऑपरेशन यशस्वी झालं की पेढे सर्जनला जातात. भूलतज्ज्ञाची आठवण होते ती फक्त काही बिघडलं तर. इंटर्नशिपमध्ये एका म्हातारीला कंबरेत इंजेक्शन देताना आमच्या मॅडम तिला नातवंडांची नावं विचारत होत्या. पाचव्या नातवापर्यंत तिचे पाय बधिर झालेले. पुढे दीड तास मॅडमची नजर मॉनिटरवरून हलली नाही, आणि म्हातारीने शुद्धीत, आडवं पडूनच, सर्जनला हात जोडले. मॅडम हसल्या आणि पुढच्या पेशंटची सिरिंज भरायला लागल्या. मला ते काम फार आवडलं होतं. पण ते अकराव्या नंबरवर ठेवलं होतं, म्हणजे कुणी विचारलं तर "नाइलाजाने घेतलं" म्हणता यावं. आता सगळ्या दुकानादेखत मामांनी बोट ठेवलं तेव्हा मला राग आला तो ह्याचा.

"वर घ्या हे," मामा म्हणाले.

"बघते," म्हणून मी गठ्ठा ओढून घेतला. चौदा रुपये झाले होते. माझ्याकडे पाचशेची नोट, त्यांच्याकडे सुट्टे नाहीत, आणि क्यूआर कोडवर मघाच्या मावशींची पिशवी. "राहू द्या, नंतर द्या," ते म्हणाले आणि गठ्ठ्याच्या कोपऱ्यात बॉलपेनने काहीतरी खरडलं. तसंच पुतण्याच्या वहीतही.

घरी बाबांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं. अकरा नंबरपर्यंत पोचायच्या आधीच त्यांनी कागद तिरका केला.

"हे काय लिहिलंय गं कोपऱ्यात? 'भूल, १४ रु. बाकी'?"