स्क्रिम म्हणजे पडदा नव्हे, ताई!

शुक्रवारी रात्री साडेनऊला भांडुपहून ताईचा फोन आला. आवाज असा, की कोणाला तरी दवाखान्यात नेलंय असंच वाटावं. "तुझा भाचा रोज रात्री दहाला स्क्रिम करतो. तुला माहीत होतं?"

माहीत होतं. अगं, मोबाइलवरच्या खेळाचा सराव सामना असतो तो, एवढंच म्हणालो. तर "थांब, तुला पाठवते" म्हणून तिने सोसायटीच्या ग्रुपवर आलेला मेसेज माझ्याकडे ढकलला. वर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी खूण. तोवर पोराचा मोबाइल कपाटात गेलेला, किल्ली ताईच्या कमरेला.

मेसेजचं म्हणणं असं: 'स्क्रिम' हा मुलांचा सांकेतिक शब्द आहे. शब्दकोशात त्याचा अर्थ 'पडदा' दिलाय, म्हणजे आईबापांच्या नकळत पडद्याआड चालणारा खेळ. पासवर्डशिवाय आत शिरता येत नाही. पैसे लावले जातात. आणि शेवटी कडी म्हणजे, मूळ शब्द आपला 'संग्राम', इंग्रजांनी तो पळवला. आधी शब्द घाणेरडा, मग तोच आपला! लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज एकदा सलग वाचला असता तरी पुरलं असतं.

पडद्याचंच आधी घेतो, कारण ताई त्यालाच घाबरली. 'शब्दकोशात दिलंय' म्हटलं की आपल्याकडे माणूस गप्प होतो. आता शब्दकोशात दिलंय हे खरं आहे. 'स्क्रिम' नावाचं विरळ विणीचं कापड असतं. नाटकात ते टांगतात. समोरून उजेड टाकला की भिंतीसारखं दिसतं, मागून टाकला की आरपार दिसतं. घरात जिप्सम बोर्डाच्या सांध्यांवर जाळीची पट्टी चिकटवतात, तिलाही स्क्रिम टेप म्हणतात. पण तो शब्द वेगळा आणि हा वेगळा. दिसायला जुळे, नात्याने कोणी नाहीत. मराठीत 'नाव' म्हणजे होडीही. म्हणून भाच्याचं कॉलेजात नाव नोंदवलं तेव्हा ताईने होडी रजिस्टर केली होती का?

पोरं म्हणतात तो 'स्क्रिम' हा 'स्क्रिमेज'चा तुकडा. आणि स्क्रिमेज कुठून आला? मेरियम-वेबस्टरचा कोश उघडा, एका ओळीत दिलंय: 'स्कर्मिश'चं बदललेलं रूप. स्कर्मिश म्हणजे चकमक. मोठ्या लढाईआधी किंवा बाजूला दोन छोट्या तुकड्यांची होते ती. जिभेवर घोळून स्कर्मिशचं स्क्रिमेज झालं, त्याचंच आणखी एक रूप स्क्रमेज, आणि ते तोडून रग्बीतला 'स्क्रम', म्हणजे चेंडूसाठी दोन्ही संघांची खांद्याला खांदा लावून होणारी रेटारेटी. अमेरिकन फुटबॉलमध्ये १८८० साली वॉल्टर कॅम्प या खेळाडूच्या आग्रहाने नियम बदलले, रग्बीचा स्क्रम जाऊन 'स्क्रिमेजची रेघ' आली, म्हणजे चेंडू ठेवून दोन संघ समोरासमोर उभे राहतात ती. पुढे एकाच संघाचे दोन भाग करून आपसात खेळायचं, त्यालाही स्क्रिमेज म्हणू लागले. तोच शब्द इतर खेळांत पसरला आणि पोरांच्या मोबाइलपर्यंत येताना अर्धाच उरला. एवढी सरळ वाट असताना पडद्यामागे कशाला शिरायचं?

'संग्राम'वाल्यांना थोडक्यात. स्कर्मिश इंग्रजीत आला फ्रेंचमधून, त्यामागे इटालियन, आणि त्याच्याही मागे 'रक्षण करणे' अशा अर्थाचा जुना जर्मानिक शब्द. आजच्या जर्मनमधला 'शिर्म' त्याच घरातला; त्याचा अर्थ छत्री. स, र, म ही अक्षरं जुळली म्हणून सोयरीक होत नाही. आणि गंमत बघा, ज्या शब्दाने आपण स्कर्मिशचं मराठी करतो तो 'चकमक' तरी कुठे आपला? तो तुर्की भाषांतून आलेला, मुळात ठिणगी पाडायची गारगोटी. तुर्कस्तानात आजही लायटरला चकमकच म्हणतात. आपल्या मुंबईत तर पोलिसांच्या बातम्यांनी त्या शब्दाला भलताच वास लावून ठेवलाय, म्हणून सरावाला 'चकमक' म्हणा असं मी भाच्याला सांगणार नाही. 'लुटुपुटीची लढाई' जवळ जातं, पण रात्री दहाला मान मोडून खेळणाऱ्या पोराला लुटुपुटीचं म्हटलेलं खपायचं नाही.

पासवर्ड? खेळात वेगळी खोली उघडतात आणि ठरलेल्या संघांनाच तिचा आयडी-पासवर्ड देतात, नाहीतर कोणीही घुसेल. टर्फवाला गेटवर बुकिंग विचारतो, ते काय कारस्थान असतं?

पैशांचा मुद्दा मात्र, नाइलाजाने सांगतो, अर्धा खरा आहे. 'पेड स्क्रिम' असतात. संघाकडून जागेचे पैसे घेतात, जिंकणाऱ्याला बक्षीस देतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या कायद्याने बंदी आली आहे, ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायचे व्हिडिओ गेम, त्यातून वेगळे ठेवलेत. तेव्हा पोराला 'पैसे भरतोस का रे?' एवढं ताईने जरूर विचारावं. मी विचारलं. तो फुकटातल्या खेळतो. उलट आमचे भावोजी, जे मागून 'जुगार, जुगार' ओरडत होते, त्यांनी स्वतः मैदानात अकरा-अकरा रुपयांच्या बेट मॅच खेळल्यात. एकदा हरून चालत घरी आले होते, तिकिटाचे पैसेही गेलेले. ही गोष्ट दर दिवाळीला तेच सांगतात.

हे सगळं ताईला फोनवर सांगेपर्यंत सव्वाअकरा झाले. कपाट उघडलं, पण तोवर सामने आटोपले होते. चौघांचा संघ तिघांनीच खेळला आणि शेवटून दुसरा आला. भाचा अजून माझ्याशी नीट बोलत नाही. त्याच्या मते मी फोन आधी संपवायला हवा होता.