वय बघा, पण पुस्तक मुलांनाच निवडू द्या

मुलांसाठी खेळणी, सिनेमे आणि पुस्तकं वय बघून निवडा, असं सांगणारा लेख वाचला. खोक्यावरचं वय बघून खेळणी घ्या, हा त्यातला सल्ला पटला. पण आयएसआय या दर्जाच्या सरकारी चिन्हाचा उल्लेख हवा होता. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात फुटपाथवर घेताना किती जण बघतात? बटणासारखा चपटा सेल असेल तर झाकण स्क्रूनं घट्ट बसलेलं हवंच. गिळलेला सेल काही तासांत अन्ननलिका जाळतो. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मुलांच्या पोळ्याचा, लाकडी बैल मी कारागिराकडूनच घेते, ओल्या फडक्यानं घासून रंग सुटतो का तेवढं बघते. सिनेमासाठी आता यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचे) ७+, १३+, १६+ असे गट आहेत, त्यांचा उपयोग होतो. पुस्तकं मात्र मोठ्या मुलांना स्वतः निवडू द्या. माझी आठवीतली भाची रहस्यकथाच वाचते, आणि वाचू दे की!