ग्रीन टी, आतडं आणि रिकाम्या पोटीची गोळी

व्हॉट्सअॅपवर फिरणारा दावा असा: ग्रीन टीमधलं ईजीसीजी (चहाच्या पानातलं, कॅटेचिन गटातलं रसायन) आतड्याच्या पेशींना कवच देतं, म्हणून रोज सकाळी रिकाम्या पोटी त्याच्या अर्काची गोळी घ्या. गोळी नसेल तर घरचा चहाही चालेल. माणसांवर सिद्ध झालंय, नैसर्गिक आहे, अपाय नाही.

‘पेशींना कवच देतं.’ प्रयोगशाळेत, हो. सच्छिद्र पटलावर आतड्याच्या पेशींचा एकपदरी थर वाढवतात, त्यावर दाह पेटवणारं इंटरफेरॉन-गॅमा सोडतात आणि थराचा विद्युतरोध मोजतात. पेशींमधले सांधे सैल झाले की रोध घसरतो. ईजीसीजी असेल तर घसरण रोखली जाते. पण या पेशी (टी-८४, कॅको-२) मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून आलेल्या, आणि त्या बशीत ना अन्न, ना जिवाणू. शिवाय ३७ अंशांच्या पोषकद्रवात ईजीसीजी झपाट्यानं ऑक्सिडाइझ होतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. हे पेरॉक्साइड मोडणारं कॅटलेज हे एन्झाइम घालून पडताळलं नसेल, तर दिसलेला परिणाम नेमका कशाचा, हे ठरत नाही.

‘माणसांवर सिद्ध झालंय.’ अल्सरेटिव्ह कोलायटिसवर (मोठ्या आतड्याचा दीर्घकाळचा दाह) २०१३ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. ५६ दिवस रोज ४०० किंवा ८०० मिलिग्रॅम ईजीसीजी. औषधगटात १५ जण, प्लासिबोवर (औषध नसलेली दिखाऊ गोळी) ४. औषधगटातल्या १० जणांना गुण आला, प्लासिबोत कुणालाच नाही. उत्साह वाढावा इतपत ठीक. चार जणांशी तुलना करून उपचार ठरत नाहीत.

‘घरचा चहाही चालेल.’ नाही. घरची नेहमीची दाणेदार (सीटीसी) चहा पावडर बनताना पानं चिरडून आंबवतात, तेव्हा बहुतेक कॅटेचिनं थिआफ्लेविन-थिआरुबिजिन या रंगद्रव्यांमध्ये बदलतात. चहाचा तो लाल रंग त्यांचाच. ईजीसीजी नावापुरतं उरतं.

‘रिकाम्या पोटी, अपाय नाही.’ खरी गडबड इथं आहे. उपाशीपोटी गोळी घेतली की रक्तातली पातळी जेवणासोबतच्या तुलनेत कैक पटींनी चढते, आणि ताण येतो यकृतावर. २००३ मध्ये फ्रान्स आणि स्पेनमध्ये अशा अर्काचं एक उत्पादन याच कारणानं बाजारातून काढलं गेलं. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनं २०१८ मध्ये नोंदवलं की गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम वा जास्त ईजीसीजी घेणाऱ्यांत यकृताची एन्झाइमं रक्तात वाढतात, म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण. कपभर ग्रीन टीत साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम असतं, तेही घोट घोट जातं.

प्यायचाच तर २ ग्रॅम पानं, ८० अंशांचं पाणी, ३ मिनिटं. थोडं लिंबू पिळा. लहान आतड्याच्या अल्कधर्मी रसात ईजीसीजी टिकत नाही, लिंबानं जास्त उरतं. जेवणापासून तासभर लांब ठेवा, नाहीतर पालेभाजी-डाळीतलं लोह अडतं. नॅडोलोल (रक्तदाबाचं औषध) चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, ग्रीन टीमुळे त्याची रक्तातली मात्रा खूप घटते. आणि गोळी सुरू असताना लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर गोळी तिथंच बंद करून एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) करून घ्या.